पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते, काय करू? – ऊन, शाळा आणि तुमचे प्रश्न

मार्च लागला की माझ्याकडे येणारे प्रश्नच बदलतात. फेब्रुवारीपर्यंत सर्दी, खोकला, भूक लागत नाही, आणि मग एकदम ऊन, डोकेदुखी, घोळणा, टोपी, सनस्क्रीन. मी लहान मुलांची डॉक्टर, बरीच वर्षं विदर्भातच प्रॅक्टिस करतेय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. या वेळी फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांबद्दलचे प्रश्न घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, पण ती थोडक्यात देण्यासारखी नव्हतीच.

प्रश्न: मॅडम, मुलगी तिसरीत आहे. रोज एक लिटरची बाटली भरून देते आणि रोज ती जवळपास भरलेलीच परत येते. घरी आली की डोकं दुखतं म्हणते, आणि महिन्याभरात दोनदा तिला उन्हाळी लागली. रागावून झालं, समजावून झालं, कार्टूनवाली महागडी बाटली पण घेऊन झाली. – एक आई, अकोला

उत्तर: आधी तिच्यावर रागावणं थांबवा. मग एखाद्या रात्री झोपताना, गप्पा मारता मारता विचारा, "शाळेतलं बाथरूम कसं आहे गं?" मी हे आता ओपीडीत आलेल्या प्रत्येक मुलीला विचारते आणि उत्तर ऐकून बरेचदा शेजारी बसलेली आईच गप्प होते. वास येतो, कडी लागत नाही, नळाला पाणी नसतं, तास चालू असताना टीचर सोडत नाहीत, आणि सुट्टीत एवढी लाइन असते की नंबर येईपर्यंत घंटा होते. मग मूल आपल्या परीनं उपाय शोधतं, पाणीच नाही प्यायलं तर जायलाच नको. ती हट्टीपणा करत नाहीये हो, तिनं अगदी व्यवस्थित हिशोब केलाय, फक्त त्याची किंमत तिचं शरीर मोजतंय.

पाणी कमी पडलं आणि वरून तासन् तास लघवी धरून ठेवली की जळजळ होते, पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, दुपारच्या तासांना लक्ष लागत नाही. आपण उन्हाळी म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा देतो, ते द्यायला हरकत नाही, निदान पाणी तर पोटात जातं. पण महिन्यात दोनदा झालंय म्हणजे लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघणारी तपासणी, करून घ्याच. सोबत ताप, थंडी, उलट्या किंवा पाठीत दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचू द्यायचं नसतं.

किती पाणी हा प्रश्न सगळेच विचारतात. या वयाला एरवी दिवसभरात साधारण सव्वा लिटर पिण्यात जायला हवं आणि अकोल्याच्या एप्रिलमध्ये त्याहून बरंच जास्त. पण लिटर मोजत बसू नका, लघवीचा रंग बघायला तिलाच शिकवा. फिकट असेल तर छान, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. दर तीन-चार तासांनी जायला लागलं पाहिजे. आठ वर्षांच्या मुलीला हे मस्त कळतं आणि सांगितलं की ती घरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेवायला लागते.

आता शाळेचं. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली, म्हणजे ठरलेल्या वेळी बेल वाजते आणि अख्खा वर्ग बाटली काढून पाणी पितो, पाठोपाठ कर्नाटक, तेलंगणातही हे सुरू झालं. मला ही कल्पना फार आवडते कारण एकट्या मुलाला आठवण ठेवावी लागत नाही, सगळेच पितात म्हणून तेही पितं. पण घंटेच्या जोडीला स्वच्छ, कडी असलेलं, पाणी असलेलं बाथरूम आणि जायला पाच मिनिटं मिळाली नाहीत तर तुमची मुलगी घंटा वाजल्यावरही फक्त ओठ ओले करेल. एकट्या जाऊ नका, पाच-सहा आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. समितीच्या बैठकीत बाथरूमचा विषय काढायला कुणीही लाजायचं कारण नाही.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळा सकाळची झालीय, पण सुटायच्या वेळी ऊन डोक्यावर असतं आणि काही मुलं दोन-तीन किलोमीटर चालत घरी जातात. वर्गावर टिनपत्रे आहेत. मागच्या आठवड्यात परिपाठात एक मुलगा भोवळ येऊन पडला, आम्ही कांदा हुंगवला. खरं काय करायला पाहिजे होतं? – यवतमाळ जिल्हा

उत्तर: सर, तुम्ही आवर्जून विचारलंत हेच किती बरं वाटलं. कांदा हुंगवल्यानं किंवा खिशात ठेवल्यानं शरीराचं तापमान उतरत नाही. जेवणात जरूर द्या, पण त्याच्यावर विसंबून मुलाला उन्हात पाठवू नका.

मूल चक्कर येऊन पडलं, खूप घाम आलाय, मळमळतंय, पाय दुखतायत, पण शुद्धीवर आहे आणि नीट बोलतंय, तर सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंग ओल्या कपड्यानं पुसून वारा घाला आणि घोट घोट ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजा. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर दवाखान्यात न्या. सकाळी उपाशीपोटी आलेलं मूल परिपाठात नुसतं उभं राहूनही पडतं, म्हणून त्यानं सकाळी काय खाल्लं होतं हे पण विचारा.

पण मूल असंबद्ध बोलतंय, ओळखत नाहीये, झटका आला किंवा बेशुद्ध पडलं आणि अंग तव्यासारखं तापलंय तर तो उष्माघात समजा आणि तिथे एक मिनिटही घालवू नका. कुणीतरी १०८ ला फोन लावा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न बघता तिथल्या तिथेच मुलाला गार करायला घ्या, अंगावर बादलीनं पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत लावा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, खेळताना उष्माघात झालेल्या मुलाला घाम असू शकतो. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. आणि क्रोसीन वगैरे द्यायचं नाही, हा आजारपणातला ताप नव्हे, त्या गोळीचा इथे काही उपयोग होत नाही. गार करणं हाच उपचार आहे आणि तो पहिल्या काही मिनिटांत करणारे तुम्हीच असता, डॉक्टर नंतर येतात.

मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, वजनाच्या मानानं त्यांच्या कातडीचा पसारा जास्त आणि घाम कमी, आणि खेळात रंगली की थांबायचं भानच नसतं. म्हणून ती स्वतः सांगतील याची वाट बघू नका.

परिपाठ व्हरांड्यात किंवा कडुनिंबाखाली घ्या, दहा मिनिटांत आटपा, बसवून घ्या. पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा चुना मारून घ्या, अहमदाबादनं २०१३ मध्ये जो उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे अनेक शहरांनी उचलला, त्यात नंतर गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं कामही घेतलं, आतलं तापमान काही डिग्रींनी खाली येतं. लांब चालणाऱ्या मुलांना निघताना पाणी पाजूनच सोडा, बाटली भरून द्या, डोक्याला ओला दुपट्टा किंवा रुमाल कानावरून बांधायला लावा आणि गट करून पाठवा. जमत असेल तर शाळा अर्धा तास आधी भरवून आधी सोडायचं गावातच ठरवा.

आणि एक गोष्ट, तुमच्या शाळेबद्दल नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. गृहपाठ केला नाही म्हणून मुलांना उन्हात उभं करायची शिक्षा अजून चालते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि विदर्भातल्या एप्रिलमध्ये ही शिक्षा जिवावर बेतू शकते. सहकाऱ्यांशी बोला, प्लीज.

प्रश्न: डॉक्टर, नातू नऊ वर्षांचा. त्याचं डी जीवनसत्त्व कमी आलंय. मी त्याला रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात गॅलरीत बसवते तरी कमीच कसं? आणि एकीकडे तुम्हीच म्हणता ऊन टाळा. – एक आजी, पुणे

उत्तर: आजी, तुमची मेहनत वाया गेली नाही, सकाळी उठून उजेडात बसणं चांगलंच. पण डी जीवनसत्त्व बनवणारे जे किरण असतात, यूव्हीबी म्हणतात त्यांना, ते सातच्या तिरप्या उन्हात फार कमी असतात. गॅलरीला काच असेल तर ते काचेतून आत येतच नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळही लागतो. त्यातून तो फुल पँट आणि फुल बाह्यांत बसत असेल तर काय मिळणार त्याला.

ओळखायची सोपी खूण सांगते, अंगणात उभं राहून सावली बघा. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर हे किरण कमी, सावली आपल्याहून आखूड झाली की भरपूर. पुण्यात मे महिन्यात साधारण सव्वानऊ-साडेनऊलाच सावली उंचीइतकी होते, डिसेंबरात मात्र त्यासाठी सव्वाअकरा वाजावे लागतात. म्हणजे उन्हाळ्यात नऊच्या आसपास हाफ चड्डी-बनियनवर वीस-पंचवीस मिनिटं खेळला तरी पुष्कळ, आणि थंडीत सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराला बाहेर सोडला तरी चालेल. उन्हाळ्यात दहा ते चार मात्र नको. सावलीची खूण दोन्ही कामाची आहे, ती आखूड झाली की किरण मिळतात आणि तीच आखूड असताना जास्त वेळ राहिलं की कातडी भाजते.

आता कमी आलंच आहे तर नुसत्या उन्हानं लवकर भरून निघणार नाही, डॉक्टरांनी दिलेला डोस ठरलेले आठवडे पूर्ण करा. पण स्वतःच्या मनानं सॅशे परत परत देऊ नका, हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी त्रास देतं. सोबत दूध, नाचणी, तीळ असू द्या, हाडांना कॅल्शियम लागतंच.

आणि त्याला उन्हाच्या भीतीनं घरात कोंडू नका. दिवसाला दोन तास बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं नीट दिसत नाही म्हणून चष्मा लागायचं प्रमाण कमी राहतं, तैवाननं २०१० पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवायचा कार्यक्रमच राबवला. त्यासाठी कडक ऊन लागत नाही, झाडाच्या सावलीतला, संध्याकाळी पाचनंतरचा उजेडही चालतो.

प्रश्न: ताई, मी आठवीत आहे आणि शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे. प्रॅक्टिस साडेतीन ते साडेपाच असते. माझा रंग खूप काळा पडलाय, घरचे म्हणतात खो-खो सोड नाहीतर कोण लग्न करेल. मैत्रिणीनं एक गोरं करायची ट्यूब दिलीय, लावू का? – नागपूर

उत्तर: ट्यूब लावू नकोस बाळा, आजच आईला दाखव आणि टाकून दे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नसतं. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, केस येतात आणि ऊन अजिबात सहन होईनासं होतं. ते निस्तरायला महिनोन् महिने लागतात. अशा मुली माझ्याकडे रडत येतात गं.

रंग उन्हानं गडद होतो तो तुझ्या कातडीनं तुला वाचवायला केलेला बंदोबस्त आहे. ऊन कमी झालं की हळूहळू उतरतो. हा पुढचा भाग घरच्यांना वाचायला दे: तुमची मुलगी धावतेय, तिची हाडं याच वयात भरतायत, तिचा दम वाढतोय, टीममध्ये खेळतेय, हे तिला आयुष्यभर पुरणार आहे. रंगासाठी तिला मैदानावरून उठवू नका. माझी अगदी हात जोडून विनंती आहे.

बदलायची ती प्रॅक्टिसची वेळ. यूव्ही म्हणजे उन्हातले अतिनील किरण दुपारी साडेबाराच्या आसपास सगळ्यात जास्त असतात, पण हवा सगळ्यात तापलेली असते तीन-चारला, आणि तुमची प्रॅक्टिस नेमकी तेव्हाच सुरू होते. सरांना सांगा, एप्रिलमध्ये सकाळी सहाला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर घ्या. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दोन तास पळवायचं नाही, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं वाढवायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो.

सनस्क्रीन हवंच असेल तर एसपीएफ ३० किंवा ५०, पाकिटावर पीएच्या पुढे तीन प्लस (PA+++) असलेलं, साधं, बिनवासाचं घे, महागच लागतं असं काही नाही. ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के, म्हणजे फरक नावापुरता. खरा फरक पडतो किती लावतो त्यानं, दोन बोटांवर पूर्ण रेघ काढून तेवढं चेहरा आणि मानेला, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि घाम पुसला की किंवा दर दोन तासांनी परत. फुल बाह्यांचा सुती टी-शर्ट त्याहून स्वस्त आणि भरवशाचा.

प्रश्न: मुलाच्या गालावर फिकट पांढुरके चट्टे आलेत. शेजारीण म्हणते जंत झालेत, सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी. – सोलापूर

उत्तर: बहुतेक वेळा दोन्ही नसतं. कोरड्या कातडीचा हा अगदी कॉमन प्रकार आहे, आजूबाजूचा चेहरा उन्हानं गडद झाला की चट्टे जास्त उठून दिसतात एवढंच. साबण कमी, दिवसातून दोनदा खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर, उन्हात टोपी. जायला काही महिने लागतात, घाई करून ट्यूब लावू नका. चट्टा दुधासारखा पांढराफेक असेल, कडा स्पष्ट असतील किंवा तिथे स्पर्श कळत नसेल तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: उन्हातून आला की मुलाचा घोळणा फुटतो. आम्ही मान मागे करून डोक्यावर पाणी मारतो. – रत्नागिरी

उत्तर: मान मागे नको, रक्त घशात जाऊन उलटी होते. बसवून मान जरा पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं घट्ट धरा, मध्ये सोडून बघायचं नाही, तोंडानं श्वास घेऊ दे. नाकात बोट घालायची सवय असेल तर नखं कापा आणि रात्री आत थोडं व्हॅसलिन लावा. वीस मिनिटांतही थांबलं नाही किंवा वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरांकडे. आणि कोकणात पारा पस्तिशीच्या पुढे फारसा जात नाही म्हणून निश्चिंत राहू नका, दमट हवेत घाम सुकतच नाही आणि घाम सुकला नाही तर अंग गार होत नाही.

प्रश्न: शाळेत रोज ओआरएसचं खोकं द्यावं का? मुलाला चव आवडते. – नाशिक

उत्तर: चव एवढी आवडते म्हणजे खोक्यात बहुतेक नुसतं साखरेचं पाणी असावं. खऱ्या ओआरएसची चव मुलांना फारशी आवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांना ओआरएस नाव लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा हे झालं. खरं पाकीट म्हणजे पावडर, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात नाही. आणि ते जुलाब, उलट्या किंवा खूप घाम गेल्यावर द्यायचं असतं, रोजच्या डब्याबरोबर नाही. रोजच्यासाठी साधं पाणी, पातळ ताक, कोकम, गूळ बेताचा घातलेलं पन्हं. डब्यात काकडी, कलिंगडाच्या फोडी द्या, पाणी न पिणारी मुलंही त्या आवडीनं खातात.

प्रश्न: आम्ही मेलबर्नला असतो. मुलगा पहिलीत. टोपी विसरला तर शाळा त्याला ग्राउंडवर सोडत नाही, सावलीत बसवून ठेवतात. आपल्या रंगाला एवढी गरज आहे का? मे महिन्यात नागपूरला लग्नाला पण येतोय. – एक आई

उत्तर: शाळेचं ऐका. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे, आणि त्यांनी १९८१ पासून शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा असं एका सीगल पक्ष्याच्या कार्टूनमधून घरोघरी पोचवलं. आपल्या कातडीला कॅन्सरचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी, हे खरं. पण डोळ्यांना रंगाचं संरक्षण नसतं, मोतीबिंदूचा संबंध यूव्हीशी आहे, आणि भाजतं आपल्यालाही. तिकडे हवा गार असते म्हणून ऊन कळत नाही, यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्ही किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ किंवा जास्त असेल तर टोपी, एवढं पाळा.

मला तुमच्या पत्रात जे वाचून हेवा वाटला ते म्हणजे टोपी तिथे युनिफॉर्मचा भाग आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो आणि तरी कितीतरी शाळांत टोपी घातली तर "काढ ती, युनिफॉर्ममध्ये नाही" असं ऐकावं लागतं. गोल काठाची सुती टोपी, कान आणि मान झाकणारी, शाळेच्या रंगात, शंभर-दीडशे रुपयांत शिवून होते. मुख्याध्यापकांनी एक सर्क्युलर काढलं की झालं.

नागपूरला येताय तर पहिले चार-पाच दिवस त्याला अकरा ते पाच घरातच ठेवा, मेलबर्नच्या मेमधून, म्हणजे थंडीच्या तोंडावरून येणाऱ्या मुलाचं शरीर आपल्या मेला तयार नसतं. वरात दुपारची असेल तर त्याला आजीजवळ कूलरपुढे राहू द्या आणि संध्याकाळी रिसेप्शनला न्या.